डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: ६८आरएफई, आयसिन, ॲलिसन की फोर्डचा ६आर१४०?

फ्रंटरेंजकर:

नमस्कार मंडळी. डेन्व्हरच्या पश्चिमेला माझा आणि माझ्या भावाचा खोदकामाचा छोटा धंदा आहे. पाइपलाइनचे चर, घरांचे पाये, उतारावरच्या दगडी भिंती, असली कामं. साडेतीन टनांचा मिनी एक्स्कव्हेटर आहे. तो ट्रेलरवर चढवून, वर बादल्या आणि साखळ्या टाकल्या की ट्रेलरसकट वजन साडेबारा हजार पाउंडांच्या आसपास जातं. ट्रेलरच्या पाटीवर १४ हजार पाउंड जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे मालासकट कमाल मान्य वजन, लिहिलंय. आतापर्यंत ओढायला ट्रक भाड्याने घेत होतो. आता समिट काउंटीतली कामं वाढली आहेत, म्हणजे आय-७० वरून आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे जाणं-येणं दर आठवड्याचं झालं. त्यामुळे स्वतःचा ट्रक घ्यायचं ठरवलंय. डिझेलच हवा, आणि आम्ही दोघंही चालवणार असल्यामुळे ऑटोमॅटिकच.

नवा परवडणार नाही. जुन्यात चार ट्रक नजरेत आहेत, चारही एक लाख मैलांच्या आगेमागे चाललेले.

पहिला २०१६ चा राम ३५००, ६८आरएफई गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचं गिअर गुणोत्तर ३.७३. मालकाने इंजिनवर ट्यून (ताकद वाढवणारा बदललेला प्रोग्राम) टाकलाय आणि तेच तो कौतुकाने सांगतो. दुसरा २०१६ चाच राम ३५००, पण हाय आउटपुट इंजिन, आयसिन गिअरबॉक्स, ४.१० ॲक्सल, मागे दुहेरी चाकं. तिसरा २०१५ चा फोर्ड एफ-३५०, ६आर१४०, ॲक्सल ३.५५, मागे एकेरी चाकं. चौथा २०१६ चा सिल्व्हराडो ३५००, ड्युरामॅक्स आणि सहा गिअरचा ॲलिसन १०००, तोही एकेरी चाकांचा.

पहिला बाकीच्यांपेक्षा सहा हजार डॉलरने स्वस्त आहे. भावाचं म्हणणं असं की तोच घेऊ, आणि गिअरबॉक्स गेलाच तर वाचलेल्या पैशांत नवीन बांधून घेऊ. मला हा हिशेब पटत नाही, पण तो खोडून काढण्याइतकं मला कळतही नाही. इंजिनांबद्दल बरंच वाचलं. गिअरबॉक्सबद्दल मात्र जो तो आपल्या कंपनीची बाजू घेतो. या वजनाला आणि या घाटाला कोणता गिअरबॉक्स घ्यावा, आणि का, हे कुणी नीट सांगेल का?

पाचवंचाक:

माझ्याकडे राम २५०० आहे, ६८आरएफईवाला. नऊ हजार पाउंडांचा कॅम्पर ओढतो, न्यू मेक्सिको आणि यूटाह भरपूर फिरलोय. गिअरबॉक्सने कधी त्रास दिला नाही. इंटरनेटवर या गिअरबॉक्सला जितक्या शिव्या पडतात तितका तो वाईट नाही. दोन गोष्टी पाळतो. ट्यून नाही, आणि ऑइल-फिल्टर वेळेवर. पॅनला ड्रेन प्लग नसल्यामुळे पहिल्यांदा ऑइल बदलताना अर्धं जमिनीवर जातं, म्हणून मी प्लगवाला पॅन बसवून घेतला. आत दोन फिल्टर असतात, एक चपटा आणि एक फिरवून बसवायचा. दोन्ही बदलायचे. बरेच जण एकच बदलतात.

तुमचं वजन माझ्यापेक्षा जास्त आहे आणि रोजचं काम आहे, हे मान्य. पण ट्यून नसलेला, नीट राखलेला ६८आरएफई मिळाला तर लगेच नाही म्हणू नका, एवढंच सांगायचंय.

तेलकट हात:

फ्रंटरेंजकर, प्रश्न चांगला मांडलात. वजन, रस्ता, ॲक्सल, सगळं दिलंत. त्यामुळे उत्तरही आकड्यांनी देता येईल. मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडण्या-बांधण्याचं काम आयुष्यभर केलंय, कंपनी कुठलीही असो. म्हणून सुरुवात मुळापासून करतो, नाहीतर पुढचं सगळं 'मी म्हणतो म्हणून' असं होईल.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वजनाने मरत नाही. तो घसरण्याने आणि उष्णतेने मरतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात ताकद तेलातून जाते. उभ्या गाडीला हलवायला हे उत्तम, कारण सुरुवातीला कन्व्हर्टर टॉर्क वाढवूनही देतो. पण तेलातून जाताना काही ताकद वाया जाते आणि तिची उष्णता होते. म्हणून आत एक क्लच असतो, लॉकअप. तो लागला की इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात आणि ती उष्णता थांबते.

आता तुमचाच घाट घ्या. ट्रक आठ हजार आणि ट्रेलर साडेबारा हजार धरा, म्हणजे साडेवीस हजार पाउंड. पश्चिमेच्या सिल्व्हरथॉर्नकडून बोगद्याकडे येताना चढ सात टक्क्यांच्या घरात आहे. ताशी ५० मैलांनी तो चढायचा तर वारा आणि टायरांचा विरोध धरून चाकांना साधारण २७० हॉर्सपॉवर लागतात, म्हणजे इंजिनाला ३०० च्या आसपास द्यावे लागतात. लॉकअप सुटलेला असेल आणि कन्व्हर्टर फक्त दहा टक्के वाया घालवत असेल, तरी ३० हॉर्सपॉवर तेलात जिरतात. ते झाले २२ किलोवॉट. घरात वापरायचे दीड हजार वॉटचे पंधरा हीटर त्या तेलात बुडवल्यासारखं आहे ते. शिवाय बोगदा ११ हजार फुटांहून उंच आहे. तिथे हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत पाव हिश्शाहून जास्त विरळ असते, म्हणजे कूलरमधून जाणारी हवाही तितकी कमी उष्णता नेते.

म्हणून गिअरबॉक्स निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारतो: या वजनाला, या चढावर, हा लॉकअप लावून ठेवू शकतो का? आणि त्याचे क्लच इंजिनाचा पूर्ण टॉर्क न घसरता धरू शकतात का? किती गिअर आहेत आणि झाकणावर कोणाचं नाव आहे, हे त्यानंतर.

६८आरएफईचं उत्तर कंपनीने स्वतःच देऊन ठेवलंय. २०१६ च्या राममध्ये तेच ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन ऑटोमॅटिकबरोबर दोन प्रकारे मिळायचं. ६८आरएफई बरोबर ३७० हॉर्सपॉवर आणि ८०० पाउंड-फूट. आयसिनबरोबर ३८५ हॉर्सपॉवर आणि ९०० पाउंड-फूट. हॉर्सपॉवरचा फरक नगण्य आहे, पण टॉर्कमध्ये शंभरचा फरक आहे. इंजिन ९०० देऊ शकतं हे माहीत असूनही बनवणाऱ्यांनी त्या ट्रकात ६८आरएफईला ८०० च्या वर जाऊ दिलं नाही. आता ट्यून टाकणारा माणूस नेमकं काय करतो? कमी आरपीएमवर टॉर्क वाढवतो, म्हणजे जी मर्यादा बनवणाऱ्याने आखली तीच पुसून टाकतो. या गिअरबॉक्समध्ये मग आधी जातात ते लॉकअप क्लच आणि ओव्हरड्राइव्ह (वरच्या गिअरांचे) क्लच. आतला तेलाचा दाब त्या टॉर्कला पुरत नाही, क्लच किंचित घसरतात, घसरले की जळतात, आणि जळलेला चुरा तेलातून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेल वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यात, जाऊन बसतो.

पाचवंचाक म्हणतात ते खरं आहे. नऊ हजारांचा कॅम्पर, ट्यून नाही, ऑइल वेळेवर, हे सगळं ६८आरएफईच्या आवाक्यातलं आहे आणि तो गिअरबॉक्स तिथे नीट चालतो. पण तुमचा पहिला ट्रक तसा नाही. तो ट्यून केलेला आहे, आधीच्या मालकाने तो कसा पळवला माहीत नाही, आणि त्याला तुम्ही दर आठवड्याला साडेबारा हजार पाउंड घेऊन बोगद्यापर्यंत चढवणार. तो ट्रक घेऊ नका.

भावाच्या हिशेबाबद्दल. ६८आरएफई चांगला बांधता येतो, हे खरंय. जाड इनपुट शाफ्ट, तीन क्लचचा कन्व्हर्टर, सुधारलेली व्हॉल्व्ह बॉडी, हे सगळं बाजारात मिळतं. पण हे सगळं, आणि ते मन लावून बसवणारा माणूस, सहा हजारांत होत नाही. त्या पैशांत जे होतं ते म्हणजे जळलेले क्लच बदलून जुन्याच कमकुवत जागांवर नवीन भाग लावणं. आणि गिअरबॉक्स जातो तो अंगणात उभा असताना नाही. तो जातो चढावर, मागे एक्स्कव्हेटर असताना. टो करून आणणं, ट्रक आठवडे बंद राहणं, पुढच्या कामाला पुन्हा भाड्याचा ट्रक, हे भावाच्या हिशेबात धरलेलं नाही.

आता उरलेले तीन.

आयसिन एएस६९आरसी हा मुळात जड कामासाठीच केलेला आहे. २०१३ पासून तो ३५०० मध्ये मिळू लागला, २५०० मध्ये कधीच मिळाला नाही. पहिला गिअर ३.७५. त्याला ४.१० ॲक्सल जोडला की गुणाकार होतो १५.४. तुमच्या पहिल्या ट्रकचा, ३.२३ गुणिले ३.७३, होतो १२ च्या आसपास. चिखलातून, चढावर उभं राहून, ट्रेलरसकट निघायचं असेल तेव्हा हा फरक पायाला कळतो. दोष काय? पहिला गिअर ३.७५ आणि दुसरा २.००, मध्ये मोठी दरी आहे. रिकामा चालवताना ती जाणवते आणि गिअर संथ पडतात. शहरात चालवणारे कुरकुर करतात ती याचीच. ओढताना मला तो संथपणा कधी खटकला नाही. दुरुस्ती महाग आहे आणि सुटे भाग ६८आरएफईइतके सहज मिळत नाहीत. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. आयसिनला त्याचंच एएसआरसी ऑइल लागतं. ६८आरएफईला एटीएफ प्लस फोर. दोन्ही राम, दोन्ही कमिन्स, म्हणून कुणी एकाचं दुसऱ्यात ओतलं तर गिअरबॉक्सची वाट लागते. घेण्याआधी सर्व्हिसची बिलं मागा आणि त्यावर कुठलं ऑइल लिहिलंय ते वाचा.

ॲलिसन १००० चे पहिल्या ते सहाव्या गिअरचे आकडे बघितले तर तो सगळ्यांत साधा वाटतो. पहिला ३.१०, ॲक्सल ३.७३, गुणाकार साडेअकराच्या वर. कागदावर सुरुवातीला सगळ्यांत कमी ताकद याची. पण तो शिफ्ट फार विचारपूर्वक करतो, उतारावर आपणहून गिअर खाली आणतो, आणि फिल्टर बाहेरून फिरवून काढता येतो, पॅन उघडायची गरज नाही. २०१६ च्या ड्युरामॅक्सचा टॉर्क ७६५ पाउंड-फूट आहे. मूळ अवस्थेतला ॲलिसन तेवढा आरामात धरतो.

फोर्डचा ६आर१४० हा २०११ मध्ये ६.७ लिटरच्या पॉवर स्ट्रोकबरोबर आला. २०१५ मध्ये त्याच इंजिनाचा टॉर्क ८६० झाला आणि गिअरबॉक्स तोच राहिला, म्हणजे पहिल्यापासून त्यात जागा ठेवली होती. पहिला गिअर ३.९७, तुमच्या ३.५५ ॲक्सलबरोबर गुणाकार १४. पण मला त्यातला चौथा गिअर जास्त आवडतो, तो १.१५ चा आहे. बाकी तिन्ही गिअरबॉक्सचा चौथा १.०० आहे आणि तिसरा १.३४ ते १.४१. साध्या ३३ इंची टायरवर ताशी ६० मैलांनी चढताना ६८आरएफई चौथ्यात साधारण २३५० आरपीएमवर असतो. तिसऱ्यात टाकला तर ३३०० च्या वर जाईल, जे या इंजिनाला चालत नाही. म्हणून तो चौथ्यातच कण्हत राहतो आणि वेग पडत जातो. फोर्ड त्याच वेगाला चौथ्यात २५५० च्या पुढे असतो, आणि इंजिनाची ताकद नेमकी त्याच भागात भरलेली आहे. घाटासाठी गिअरांची मांडणी म्हणजे काय, ते या एका उदाहरणात दिसतं.

फक्त गिअरबॉक्स विचारलात तर माझा क्रम असा: तुमच्या कामाला ६आर१४० किंवा आयसिन, मग ॲलिसन, आणि ट्यून केलेला ६८आरएफई कधीच नाही. पण दुहेरी चाकांच्या आयसिनवाल्या ट्रकबद्दल एक अडचण आहे, ती आधी तपासा. तुमच्याकडे कोणता लायसन्स आहे?

फ्रंटरेंजकर:

तेलकट हात, मनापासून आभार. हे सगळं भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "टॉर्क शंभरने कमी ठेवलाय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

लायसन्स साधा आहे, दोघांचाही. कमर्शियल नाही. त्याचा गिअरबॉक्सशी काय संबंध?

तेलकट हात:

गिअरबॉक्सशी नाही, ट्रकशी आहे. आयसिन तुम्हाला ज्या ट्रकमध्ये मिळतोय त्याच्याशी.

ट्रक आणि ट्रेलर दोघांच्या पाट्यांवरचे जीव्हीडब्ल्यूआर मिळवा. बेरीज २६,००१ पाउंड किंवा जास्त झाली आणि ट्रेलर दहा हजारांहून मोठा असला, तर धंद्यासाठी चालवायला क्लास ए चा कमर्शियल लायसन्स लागतो. प्रत्यक्षात वजन कमी भरलेलं असलं तरी पाटीवरचा आकडा धरतात. दुहेरी चाकांच्या ३५०० ची पाटी १४ हजारांपर्यंत असते. तुमचा ट्रेलर १४ हजार. झाले २८ हजार. एकेरी चाकांच्या एफ-३५० ची पाटी साधारण साडेअकरा हजारांपर्यंत असते, म्हणजे बेरीज साडेपंचवीस हजार, मर्यादेच्या आत. दाराच्या खांबावरचा स्टिकर स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. दोघांपैकी कुणी कमर्शियल लायसन्स काढणार असाल तर आयसिन डुअली (दुहेरी चाकांचा ट्रक) उत्तम आहे. नसाल तर एकेरी चाकांचा आयसिनवाला राम शोधा, तोही मिळायचा, किंवा फोर्ड बघा.

घोडेवाली:

मध्येच बोलते, कारण ॲलिसनबद्दल कुणी चालवणाऱ्याने अजून लिहिलेलं नाही. माझ्याकडे २०१५ चा ड्युरामॅक्स आहे, मागे तीन घोड्यांचा गूसनेक ट्रेलर. एक्स्कव्हेटर साखळीने बांधलेला असतो, जागचा हलत नाही. घोडे हलतात. गिअर झटक्याने पडला की ते पाय रोवतात, ट्रेलर मागून ढकलतो, आणि तासाभराने ते थकलेले आणि घाबरलेले उतरतात. म्हणून मी गिअरबॉक्स निवडताना ताकदीपेक्षा शिफ्ट किती मऊ आहे हे बघितलं. टो-हॉल (ओढकामाचा मोड) लावला आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट आवळून इंजिनानेच वेग रोखणारा) चालू केला की मोनार्क पासचा घाट उतरताना ब्रेकला हलकासा पाय लागतो, बस. ॲलिसन स्वतःच गिअर खाली घेतो आणि तिथे थांबतो. वाटलं तर गिअरच्या दांडीवरच्या बटणांनी मी सगळ्यांत वरचा गिअर ठरवून देते.

फ्रंटरेंजकर दादा, तुम्ही चढाचंच विचारलंत. उतारही तितकाच बघा. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नच्या बाजूला उतरताना सुटलेल्या ट्रकसाठीचे रॅम्प आहेत, ते उगाच बांधलेले नाहीत. चाचणी घेताना विकणाऱ्याला उतारावर घेऊन जा.

तेलकट हात:

ताई, उताराची आठवण केलीत ते फार बरं झालं. उतारावरही गिअरबॉक्सला काम असतं, कारण ट्रेलर चाकांकडून ढकलतो आणि तोच जोर लॉकअप क्लचला उलट्या दिशेने सहन करावा लागतो. लॉकअप सुटला की एक्झॉस्ट ब्रेकची ताकद चाकांपर्यंत नीट पोचतच नाही. २०१६ च्या राममध्ये एक्झॉस्ट ब्रेकला दोन तऱ्हा असतात, पूर्ण आणि आपोआप वेग राखणारी. दोन्ही चांगल्या आहेत. फोर्डमध्ये चालवणाऱ्याच्या हाताशी एक्झॉस्ट ब्रेकचं बटण २०१५ मध्ये आलं, म्हणजे तुमच्या यादीतल्या ट्रकला ते असायला हवं. दाबून बघा.

फ्रंटरेंजकर, आता चाचणी कशी घ्यायची ते सांगतो. ट्रेलरशिवाय घेतली तरी बरंच कळतं.

ट्रक थंड असताना पोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थंड गिअरबॉक्स लपवत नाही. डी मध्ये टाकल्यावर लगेच पकडलं पाहिजे, मध्ये एक-दोन सेकंदांची पोकळी नको. मग सपाट रस्त्यावर ताशी ५५ मैल धरा, आरपीएम स्थिर होऊ द्या, आणि ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका शिवा. लॉकअप सुटतो आणि आरपीएम थोडे वर जातात. ब्रेक सोडा, काही क्षणांत ते पुन्हा खाली येऊन बसले पाहिजेत. बसले की ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. आरपीएम आणि वेग एकत्र वाढले तर ठीक. आरपीएम आधी वर गेले आणि वेग मागून आला तर क्लच घसरतोय, ट्रक तिथेच सोडा.

स्कॅन टूल घेऊन जा किंवा कुणाकडून तरी लावून घ्या. फक्त कोड बघून थांबू नका. रेडीनेस मॉनिटर (गाडी स्वतःच करते त्या तपासण्या) अपूर्ण दिसले तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत. ऑइलचा वास घ्या. जुनं ऑइल काळपट असू शकतं, पण जळका वास ही वेगळी गोष्ट आहे. गिअरबॉक्सचं तापमान डॅशबोर्डवर दिसतं, ते पडद्यावर लावून ठेवा. रोजच्या ओढकामात १६० ते २०० अंश फॅरनहाइट मी सुखाने बघतो. २२० च्या वर गेलं तर एक गिअर खाली आणि वेग कमी. २४० दिसलं तर मी कडेला थांबतो, इंजिन चालू ठेवून, कारण बंद केलं की तेल फिरायचंही थांबतं.

आणखी एक गोष्ट कोलोराडोसाठी. हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात. गिअरबॉक्सपासून कूलरकडे जाणारे स्टीलचे पाइप त्याने बाहेरून कुरतडले जातात. ट्रकखाली आडवं होऊन टॉर्च मारा, जिथे पाइप फ्रेमला क्लिपने अडकवलेला असतो तिथे विशेष. तिथेच ओल साचते. एक पाइप फुटला की काही मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर येतं आणि कितीही भक्कम गिअरबॉक्स असो, तो संपतो.

ट्यून काढलेला ट्रक दाखवून 'आता मूळ आहे' असं कुणी म्हणालं तरी धुराची उपकरणं जागेवर आहेत का बघा. ती काढणं देशभर बेकायदा आहे, आणि परत बसवण्याचा खर्च तुमच्यावर येतो. शिवाय ती काढलेली असतील तर गिअरबॉक्सने वाढीव टॉर्क सोसला होता, हेही कळतं.

पाचवंचाक:

तेलकट हात, एक विचारतो. मी आता नवीन ट्रकच्या विचारात आहे. दहा गिअर, आठ गिअर, हे सगळं ओढणाऱ्याला खरंच उपयोगी आहे का, की जाहिरातीपुरतं?

तेलकट हात:

उपयोगी आहे. फोर्डने २०२० मध्ये १०आर१४० आणला, जीएमनेही त्याच वर्षी दहा गिअरचा आणला. गिअर जवळजवळ असले की चढावर इंजिन त्याच्या चांगल्या भागात राहतं. वर फोर्डच्या चौथ्या गिअरबद्दल लिहिलं तोच फायदा, पण प्रत्येक वेगाला. १०आर१४० चा पहिला गिअर ४.६ च्या घरात आहे, त्यामुळे निघताना कन्व्हर्टरवर भार कमी येतो. रामने २०२५ मध्ये ६८आरएफई आणि आयसिन दोन्ही काढून झेडएफचा आठ गिअरचा लावला, टॉर्क १०७५ पाउंड-फूट. ट्रकमध्ये तो नवा आहे, म्हणून मी घाईने मत देणार नाही.

जीएमच्या दहा गिअरवाल्याचं नाव ॲलिसन असलं तरी तो घोडेवाली ताईंच्या १००० पेक्षा वेगळा गिअरबॉक्स आहे, तोच समजून घेऊ नका. २०२० ते २०२२ च्या डिझेल ट्रकांसाठी २०२४ मध्ये त्याच्या आतल्या एका व्हॉल्व्हच्या झिजेबद्दल रिकॉल निघाला. जुना घ्यायचा असेल तर एनएचटीएसएच्या (अमेरिकी सरकारच्या रस्ता-सुरक्षा खात्याच्या) साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून ते काम झालंय का बघून घ्या. हे कुठल्याही ट्रकला करावं.

फ्रंटरेंजकर:

डुअली बाद केला, लायसन्सच्या कारणाने. पहिला ट्रक भावानेच फोन करून नको म्हणून सांगितला. आता फोर्ड आणि सिल्व्हराडो उरले. दोन्ही बघायला जातोय. गिअरबॉक्स सोडून आणखी काय बघू?

तेलकट हात:

दोन्हीच्या इंजिनात उच्च दाबाचा सीपी४ इंधन पंप आहे. २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्येही आणि तुमच्या फोर्डमध्येही. तो आतून झिजला की धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो, आणि मग दुरुस्तीचं बिल गिअरबॉक्सच्या बिलाइतकं किंवा त्याहून मोठं होतं. कमिन्सच्या २०१६ च्या इंजिनात हा पंप नाही, आणि एकेरी चाकांचा आयसिन मिळाला असता तर मी तुम्हाला तोच सांगितला असता, याचं ते दुसरं कारण आहे. इंधन फिल्टर कधी बदलले त्याची बिलं मागा, पाणी साठण्याचा इशारा कधी आला होता का विचारा. फिल्टरच्या भांड्यात चकाकणारे कण दिसले तर ट्रक घेऊ नका, मग गिअरबॉक्स कितीही चांगला असो.

बिलं नीट असतील आणि लॉकअपची चाचणी पास झाली तर फोर्ड घ्या. घेतल्याबरोबर गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदला, बिलांवर आधी काहीही लिहिलेलं असलं तरी. पॅनमधून निघतं ते एकूण ऑइलच्या निम्म्याच्या आसपासच असतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदला. ६आर१४० ला मर्कॉन एलव्ही लागतं, दुसरं काही ओतू देऊ नका. मॅन्युअलमध्ये सर्व्हिसची दोन वेळापत्रकं असतात. तुम्ही जड कामाचंच पाळायचं, कारण तुमचा प्रत्येक आठवडा त्यातच मोडतो.

फोर्ड बघून आलात की लॉकअपच्या चाचणीत आरपीएम किती वर गेले आणि किती वेळात बसले ते इथे लिहा. त्यावरून बरंच सांगता येईल.